लग्नाचा हॉल : डोंबिवली, बोरिवली की दादर? (वृत्तांत शेवटी टाकलाय)

मामा_डोंबिवलीकर | १९ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. आज पावसाने घरी बसवलंय, म्हणून हा धागा काढायला वेळ मिळाला.

भाचीचं लग्न ठरलंय. साखरपुडा नवरात्रात घरच्या घरी उरकतोय, पण लग्न हॉलवर. आक्काने नवी कोरी दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली, भाऊजी म्हणाले "तूच बघ रे आता", आणि दोघंही मोकळे झाले. पहिल्या पानावर आक्काने "श्री" लिहिलंय, बाकी १९९ पानं माझी.

परिस्थिती अशी. आम्ही डोंबिवलीचे. मुलगा बोरिवलीचा, त्यांचे नातेवाईक थेट विरारपर्यंत पसरलेले. आमची जुनी माणसं अजून लालबाग-परळला. दोन्हीकडचे मिळून तीनशे.

तारखेचं त्रांगडं वेगळंच. तुळशीच्या लग्नानंतरचे चांगले दिवस नोव्हेंबरमध्ये आहेत, पण हॉलवाले फोनवर हसतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त. मे म्हणावं तर १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, तो १५ जूनपर्यंत. गुरुजी म्हणाले काढीव मुहूर्त देतो, पण मुलाच्या आजीला ते पटेना. म्हणजे उरला फेब्रुवारी, त्यातही रविवारच हवा.

तीन हॉल नजरेत आहेत. डोंबिवलीचा मोठा, नवा, गाड्या लावायला ऐसपैस जागा, भाडं सगळ्यात कमी. बोरिवलीचा मुलाकडच्यांच्या ओळखीतला. दादर पश्चिमेचा जुना, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चार माणसांची, आणि भाडं ऐकून भाऊजींनी पाणी मागितलं.

कुठला घेऊ? अनुभवी लोकांनी बोलावं. हौशींनीही बोलावं, पण जरा थोडक्यात.

परळकर

दादर. विषय संपला.

रिकामटेकडी

असा कसा संपला? मामा, तीनशेतले डोंबिवली-कल्याणचे किती ते आधी मोजा. दीडशेच्या वर असतील तर दादरच्या भाड्यातले पैसे वाचवून मुलाकडच्यांना दोन बस करून द्या, एसी. दादरला लग्न म्हणजे काहीतरी भारी, हा आपल्या आईवडिलांच्या पिढीचा समज. माझं लग्न डोंबिवलीतच झालं, आणि संसार दादरवाल्यांइतकाच धडपणे (आणि धडपडत) चाललाय.

वसईवाला

बसचा हिशोब कागदावर छान दिसतो. रविवारी सकाळी विरार-वसईकडून डोंबिवलीला बसने या एकदा. घोडबंदरला वऱ्हाड अडकलं की मुहूर्त तिथेच लावायचा का?

दादरचं कौतुक प्रतिष्ठेसाठी नाही हो. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे एकमेकींना भेटतात. तुमची माणसं एका गाडीत बसून उतरतील, आमची दुसऱ्या गाडीत बसून उतरतील, कोणालाच गाडी बदलायची नाही. मुंबईतली सोयरीकच मुळात अशी असते, एक घर सेंट्रलचं नि एक वेस्टर्नचं.

मामा_डोंबिवलीकर

रिकामटेकडी, मोजले. डोंबिवली-कल्याण ११०, लालबाग-परळ ४५, बाकी मुलाकडचे आणि मित्रमंडळी. वसईवाल्यांचं पटतंय, पण लिफ्ट डोक्यातून जात नाहीये. माझी आई ८४ वर्षांची आहे.

गिरगावची_सून

मामा, हॉल रिकामा असताना बघून ठरवू नका. रिकामा हॉल म्हणजे मेकअप केलेली नवरी, सगळेच छान दिसतात. दुसऱ्या कोणाचं तरी लग्न चालू असेल त्या दिवशी जा. सरळ आत शिरा, कोणी विचारत नाही, दोन्हीकडच्यांना वाटतं पलीकडचे. आणि बाराच्या सुमाराला वधूच्या खोलीचं दार उघडलं की आत बघा. माझ्या भावाच्या लग्नात त्या खोलीत एकच प्लग पॉइंट होता आणि तोही पंख्याच्या बटणाला जोडलेला. पंखा लावला तर केसांचं मशीन चालू, पंखा बंद केला तर तेही बंद. फेब्रुवारीत ठीक होतं.

दुसरं, वेळ. मुंबईतले बरेच हॉल सकाळचं सत्र आणि संध्याकाळचं सत्र असे दिले जातात. तुम्हाला "चारपर्यंत" सांगतात, त्याचा अर्थ चारला तुमचा शेवटचा डबासुद्धा जिन्याखाली. भावाच्या वेळी साडेतीनला विहिणीची पंगत बसली होती, वहिनीच्या आईने नुकतं श्रीखंड वाढून घेतलं होतं, आणि दारातून दोन माणसं फायबरचा मोर उचलून आत आली. संध्याकाळच्या पार्टीचा. मोराची चोच विहीणबाईंच्या अंबाड्याला लागता लागता राहिली. हॉलचं नाव विचारू नका, आता ते बंद झालंय. मोराचं माहीत नाही.

तिसरं, पैसे. भाडं सांगतील ते नुसतं भाडं. वर १८ टक्के जीएसटी, डिपॉझिट, वीज मीटरप्रमाणे, साफसफाई वेगळी, स्वयंपाकघर वापरायचे वेगळे. केटरर त्यांच्याच पॅनलवरचा घ्यायचा की बाहेरचा चालतो, आणि बाहेरचा चालत असेल तर त्याची "रॉयल्टी" किती, हे सगळं एकाच कागदावर सहीनिशी मागा. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही लिहून घ्या.

रिकामटेकडी

मोर. 😂 मी माझं मत मागे घेत नाहीये, पण मोरासाठी धागा फॉलो करते.

मठ्ठाप्रेमी

जेवणाचं कोणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो. पनीर, नूडल्स, चाटचा काउंटर यातलं काहीही ठेवा, माझी हरकत नाही. पण मसालेभात, अळूचं फदफदं, जिलेबी आणि मठ्ठा काढलात तर आहेर पाकिटात एक रुपयाच मिळेल. जिलेबी तिथल्या तिथे तळायला लावा. आणि मठ्ठ्याला आलं-मिरची-कोथिंबीर वाटून लावायला सांगा, नाहीतर केटरर लोक नुसतं पातळ ताक पुढे करतात.

चाफा

पंगत की बुफे?

मठ्ठाप्रेमी

पंगत. हातात ताट धरून उभ्याने जिलेबी मठ्ठ्यात कशी बुडवणार? तिसरा हात लागतो.

परळकर

पंगत मनाला पटते, पण तीनशे माणसांना जुन्या हॉलच्या जेवणघरात तीन-चार पंगती कराव्या लागतात. एका पंगतीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा. मुहूर्त साडेबाराचा असेल तर शेवटच्या पंगतीला विहिणी बसतात साडेतीनला, आणि मग मोर येतो.

मामा_डोंबिवलीकर | ३० ऑगस्ट

काल गिरगावच्या सूनबाईंच्या सल्ल्याप्रमाणे दादरच्या हॉलवर घुसलो. भाऊजी घाबरत होते, पण आत गेल्या गेल्या कोणीतरी त्यांच्या कपाळाला गंध लावलं आणि हातावर पेढा ठेवला. वधूच्या खोलीत तीन प्लग, स्वतंत्र संडास, आरसा खिडकीसमोर. जेवणघर हॉलच्या मागे त्याच मजल्यावर. स्टेजला दोनच पायऱ्या. सत्र सकाळी सहा ते चार, वर अर्धा तास सामान हलवायला. लिफ्ट खरोखर चार माणसांची, आणि केटररची पिंपंही त्यातूनच वर येतात.

तिथल्या मॅनेजरकाकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "कुठल्या बाजूचे तुम्ही?" मी म्हटलं, "फेब्रुवारीतल्या." हसले आणि रजिस्टर उघडलं. घेतला. भाऊजींनी ॲडव्हान्स दिला तेव्हा हात थरथरत होता, पण दिला.

रिकामटेकडी

अभिनंदन! (हरले.)

भाऊ_ठाणेकर

हॉल झाला, आता कागदपत्रं. मंडळी हे लग्नानंतर आठवतात आणि मग पासपोर्टच्या वेळी धावतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी करावी लागते, लग्नापासून ९० दिवसांच्या आत. उशीर झाला तर जादा शुल्क. मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयात काम होतं. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे वयाचे नि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार, आणि फॉर्मवर गुरुजींची सही. गोची इथेच होते. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या लग्नाला गेले की महिनाभर सापडत नाहीत. फॉर्म आधीच भरून न्या आणि सही हॉलवरच घ्या, लाजाहोमाचा धूर विरायच्या आत. त्यांच्या ओळखपत्राची प्रतही मागून ठेवा.

मामा_डोंबिवलीकर

भाऊ, वहीच्या पान ४१ वर लाल शाईने.

वसईवाला

रविवार आहे, मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास रेल्वेमार्ग बंद) विसरू नका. मेन लाइनला बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड असतो, जलद गाड्या धिम्या मार्गावर टाकतात आणि सगळं दहा-पंधरा मिनिटं उशिरा. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं.

चाफा

आणि दादरच्या फलाटांचे नंबर बदललेत. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच आहेत, पण मध्य रेल्वेचे ८ ते १४ झालेत. आमच्या बारशाला सासऱ्यांनी सगळ्यांना फोनवर सांगितलं, "सेंट्रलच्या एक नंबरला उतरा, मी उभा आहे." ते उभे होते आठ नंबरवर, जुन्या सवयीने त्यालाच एक म्हणत. पाहुणे एक नंबर शोधत पश्चिमेला गेले. त्यांनी एकमेकांना तासभर शोधलं. बारसं वेळेवर झालं, बाळाला काही फरक पडला नाही.

मामा_डोंबिवलीकर | ७ डिसेंबर

जरा मोठा अपडेट. पत्रिका गिरगावात खाडिलकर रोडवरून छापून आणल्या. सोबत एक छोटी चिठ्ठी छापली : कुठल्या फलाटावर उतरायचं, कुठल्या पुलावरून पश्चिमेला बाहेर पडायचं, कबुतरखान्याच्या बाजूने चालत किती मिनिटं. भाची म्हणाली, "मामा, ही पत्रिका आहे की रेल्वेची निविदा?"

अष्टपुत्रीची पिवळी साडी मामाकडची, म्हणून मी आणि बायको हिंदमाताला गेलो. दुकानदाराने चौतीस पिवळ्या दाखवल्या. मला त्यात दोनच रंग दिसत होते, बायकोला चौतीस. शेवटी पहिलीच घेतली.

रुखवतावरून घरात दोन तट आहेत. आक्काला सगळं मांडायचंय, भाचीला काही नको. तह असा झालाय : लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा, बायकोने केलेले लाडू, आणि भाचीने स्वतः विणलेलं एक तोरण. तोरण अजून सुरू व्हायचंय.

परळकर

लालबाग-परळची मंडळी टॅक्सीने येणार असतील तर सांगून ठेवा, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबरपासून पाडकामासाठी बंद आहे. पूर्वेकडून पश्चिमेला येणारं बरंचसं ट्रॅफिक टिळक पुलावर लोटलंय. त्यापेक्षा लोकलने एक-दोन स्टेशनं बरी.

अंतरपाट

मुलाचे मित्र वरातीचं, डीजेचं काही बोलतायत का? सकाळचं सत्र घेतलंत ते बरं झालं. संध्याकाळी रिसेप्शन ठेवलं असतं तर रात्री दहानंतर स्पीकर बंद. २००० सालापासूनचा नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६. आमच्याकडे दहा वाजून पाच मिनिटांनी हवालदार आले होते, मग त्यांनाही आइसक्रीम दिलं.

गिरगावची_सून

अक्षतांचं एक बघा. तीनशे लोकांनी मूठमूठ तांदूळ मागून फेकले की निम्मे पुढच्या रांगेच्या डोक्यात आणि निम्मे पायाखाली. आम्ही चिमूटभर अक्षता आणि बाकी पाकळ्या असं केलं. सूचना गुरुजींकडून माइकवर द्यायला लावा, घरच्यांनी दिली तर कोणी ऐकत नाही.

मामा_डोंबिवलीकर | फेब्रुवारी २०२६, लग्नानंतरचा बुधवार

आवाज बसलाय, म्हणून लिहूनच सांगतो.

पहाटे पाचला मी आणि भाऊजींचा धाकटा भाऊ दादरच्या फुलबाजारात. मीनाताई ठाकरे फुलमंडईच्या बाहेर रस्त्यावरच झेंडूच्या राशी, ओले गोणपाट, डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं "बाजू, बाजू" करत अंगावर येणारी. वीस वेण्या, दोन हार, सुटी फुलं. हार घेणाऱ्याने आधी मुलाची उंची विचारावी, हे मला तिथल्या बाईने शिकवलं. "नवरा उंच असेल तर नवरीचा हात पुरत नाही, हार गळ्यात अडकतो, मग फोटोत दोघं भांडल्यासारखी दिसतात." मुलगा सहा फूट. तिने हाराचा घेर मोठा करून दिला.

आता मुख्य घोटाळा. मेगाब्लॉकची मी इतकी धास्ती घेतली होती की शुक्रवारपासून व्हॉट्सॲपवर सगळ्यांना सांगत सुटलो : लवकर निघा, ब्लॉक आहे, लवकर निघा. ब्लॉक होता अकराच्या आसपास सुरू होणारा. आमच्या माणसांनी इतकं मनावर घेतलं की सव्वासातला हॉलवर एकशेचाळीस माणसं हजर. नाश्ता सांगितला होता साठ जणांचा! उपमा आणि शिरा वीस मिनिटांत साफ. केटरर कढई माझ्यासमोर उलटी धरून दाखवतोय. मुलाकडचे अजून यायचेत, सीमांतपूजन व्हायचंय आणि चहाशिवाय काही नाही.

भाच्याला आणि त्याच्या तीन मित्रांना स्टेशनकडे पिटाळलं. नव्वद वडापाव, वेगळ्या पिशवीत मिरच्या, दोन पुड्या लाल चटणी. केटररने ते पितळी ताटांत केळीच्या पानावर रचले, मधे झेंडू ठेवला. व्याही आले, बघून थबकले. मला वाटलं संपलं सगळं. ते म्हणाले, "वा! लग्नात वडापाव, काय कल्पना आहे!" विहीणबाईंनी फोटो काढला. बोरिवलीत आता ही आमच्या कल्पकतेची गोष्ट म्हणून सांगितली जातेय. इथल्या कोणी तिकडे काही बोलू नये.

लिफ्ट. आई साडेनऊला आली तेव्हा लिफ्टमध्ये जिलेबीच्या पाकाची पिंपं चढत होती. दहा मिनिटं वाट पाहिली. मग मुलाच्या मित्रांनी हॉलवरची खुर्ची खाली आणली, आईला बसवलं आणि चौघांनी उचललं. पहिल्या वळणावर आई घाबरली होती. दुसऱ्या वळणावर तिने पदर सारखा केला. दारात पोचली तेव्हा सनईवाल्याने बघून सूर धरला, आणि आई अशी बसली होती जणू तिचीच वरात आलीय. चार वाजता लिफ्ट रिकामी होती, तरी "मुलं कुठे गेली?" म्हणून विचारत राहिली.

मुहूर्ताच्या आधी भाची गौरीहाराशी बसली होती. पिवळी साडी, हिरवा चुडा, मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा, आणि ती एकेक दाणा तांदूळ वाहत होती. खोलीत बायकांचा गलका, कोणी पिना मागतंय, कोणी चार्जर. (प्लग तीन, तरी भांडण झालंच.) गुरुजींनी बाहेरून हाक मारली, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." मी हात पुढे केला. तिचा हात गार होता आणि तांदळाचं पीठ लागलेला. दारापासून अंतरपाटापर्यंत तीसेक पावलं असतील. मधे ती हळूच म्हणाली, "मामा, ब्लॉक सुरू झाला का?" मी म्हटलं, "झाला, आता परत जाता येणार नाही." खांदे हलवून हसत होती. अंतरपाटापलीकडच्या माणसाला वाटलं असेल रडतेय.

मंगलाष्टका सात झाल्या. आठवी आत्याबाईंनी स्वतः रचलेली म्हटली, ती तीन कडव्यांची निघाली. मुहूर्ताच्या घटका मोजत गुरुजी घड्याळाकडे बघत होते, मग त्यांनीच मोठ्याने "सावधान" म्हणून आत्याबाईंना थांबवलं. कानपिळीला भाच्याने नवऱ्याचा कान इतका मनापासून पिळला की सोन्याची अंगठी मिळाली.

पंगती तीन झाल्या, तिसरी तीनला. शेवटच्या पंगतीसाठी बाहेरच्या जिन्यावर कोणी मोर घेऊन येतंय का ते बघायला मी माणूस बसवला होता. आला. पण हत्ती होता, आणि चार वाजून दहा मिनिटांनी.

फॉर्मवर गुरुजींची सही झाली. भाऊ, धन्यवाद.

भाऊ_ठाणेकर

साक्षीदार तिघंही सोबत न्या. आमचा एक ऐनवेळी पुण्याला निघाला होता.

चाफा

आईंच्या खुर्चीचा फोटो टाका ना!

रिकामटेकडी

तोरण झालं का विणून?

मामा_डोंबिवलीकर

अर्धं झालं. अर्ध्याला भाचीने "समकालीन" म्हटलं आणि तसंच मांडलं. फोटो आईने परवानगी दिली की टाकतो, ती आधी स्वतः बघणार आहे.

मठ्ठाप्रेमी

आणि जिलेबी? मुद्द्याचं कोणीच बोलत नाही.

मामा_डोंबिवलीकर

तिथल्या तिथे तळली. मठ्ठ्याला आलं-मिरची होती, मी स्वतः चाखून घेतली. शेवटी दीडेक किलो जिलेबी उरली, ती बांधून घेतली. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात आक्काच्या मांडीवर पिशवी होती. कुर्ला सोडल्यावर उघडली, घाटकोपर यायच्या आत संपली. समोर बसलेल्या दोन अनोळखी बायकांनीही घेतली आणि नवरीचं नाव विचारलं.